मीठ तिथंच आहे

गेल्या शनिवारी मामांचा फोन. "अरे इंजिनिअर, मीठ खाणाऱ्या जिवाणूंची बाटली मिळतीया म्हणं. रानात टाकली की झालं. घेऊ का?"

मामांचं रान वाळवा तालुक्यात. वर्षानुवर्षं उसाला पाट भरभरून पाणी, काळी माती, निचऱ्याच्या नावानं बोंब. पाण्याची पातळी वर आली, उन्हानं पाणी उडालं, क्षार मागे राहिले. कृष्णाकाठी मिरज, शिरोळकडेही अशी पांढरी पडलेली रानं दिसतात.

म्हटलं, बघू तरी हे जिवाणू करतात काय. अख्खा रविवार त्यात गेला. आणि प्रकरण भन्नाट आहे, राव! मुळांना क्षारांचा ताण आला की झाड इथिलीन वायू जास्त बनवायला लागतं. तो वाढला की मुळांची वाढच खुंटते. म्हणजे मिठानं मरायच्या आधी झाड स्वतःच्याच अलार्मनं अर्धमेलं! काही जिवाणूंकडे एसीसी डीअमिनेज नावाचं एन्झाइम असतं. इथिलीनचा कच्चा माल म्हणजे एसीसी. ते हा कच्चा मालच फस्त करतात, त्यांना त्यातून नायट्रोजन मिळतो. अलार्म मंदावतो, मुळं वाढतात.

मायक, तिरोश आणि ग्लिक यांनी २००४ साली इस्राएलच्या अरावा वाळवंटी भागातला असा जिवाणू टोमॅटोच्या रोपांना दिला. लिटरला साधारण १० ग्रॅम मीठ असतानाही रोपांचं वजन वाढलं. पण त्याच निबंधात आणखी एक गोष्ट आहे: रोपांमधलं सोडियम कमी झालं नाही.

माझा आक्षेप इथंच आहे. जिवाणू मीठ खात नाहीत, ते झाडाला सोसायला मदत करतात. सर्व्हर धापा टाकतोय आणि आपण अलर्टचे मेल बंद केले, तसं काहीसं. (उपमा थोडी अन्यायकारक आहे, इथं अलर्टच नुकसान करतो.) बाटली फालतू नाही, 'मीठ खाते' ही जाहिरात फालतू आहे. मीठ घालवायचं तर जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकायचे, पाण्यानं क्षार धुऊन नाल्याला काढायचे, आणि उसाचं पाणी आवरायचं. हे झाल्यावर सुरुवातीच्या पिकांना जिवाणू जरूर द्या.

हे सगळं मामांना सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाईप न्यायची तर खालच्याच्या रानातनं न्यायला लागंल. त्याच्याशी बांधावरनं बोलणं बंद हाय आपलं."

दिवाळीत गावी जातोय. आधी त्या घरी जाऊन येईन म्हणतो.