होडी आमची, पाणी मोसंबीचं

मराठवाड्यात राहून रिमोटच्या होड्यांचा नाद लावून घेतला, की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "पाणी कुठंय?" प्रश्न अगदी रास्त आहे. छत्रपती संभाजीनगरच्या पडेगावात मोटार, पंखा, रिमोट, बॅटरी सगळं घरपोच येतं. होडी सोडण्याजोगं पाणी मात्र आपणच शोधावं लागतं.

मोटारीची निम्मी परीक्षा टेबलावर होते. पोरं पहिल्यांदा जुन्या टेपरेकॉर्डरची मोटार उचलतात. तिच्यात वेग एकसारखा राखण्याची सोय असते, त्यामुळे ती होडीला जोर देत नाही. त्यापेक्षा '३८०' किंवा '५४०' नंबरची मोटार घ्यावी. टेबलावर पंखा नुसता हवा कापतो, म्हणून मोटार गार राहते. पाण्यात भार वाढला की करंट चढतो आणि थोड्याच वेळात तिच्यावर बोट टेकवत नाही. मग जो तो मोठी मोटार आणायला धावतो. दुखणं बहुधा जोडणीत असतं. मोटारीचा आणि पंख्याचा दांडा एका रेषेत हवा. हाताने फिरवून बघायचं, जिथे अडेल तिथे मोटारीखाली पत्र्याची पातळ पट्टी सरकवायची. दांड्याच्या नळीत ग्रीस भरायचं. तरीही तापली, तर पंखा लहान करायचा.

पुढची तपासणी पिंपात. पण नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात त्यासाठी पिंप भरलेलं घरात कोण खपवून घेईल? आमच्याकडे कपडे विसळून उरलेलं पाणी मोटारींच्या वाट्याला येतं.

याच शहरात पाणचक्की आहे. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून आणून त्याच्या जोरावर जातं फिरवलं, फकिरांसाठी पीठ दळलं. तिथे पाणी यंत्राला ढकलायचं, आमच्याकडे यंत्र पाण्याला ढकलतं. पण पाण्याचा हिशेब तेव्हाही चोख ठेवावा लागला असणार.

आमचाही हिशेब पाण्यापासूनच सुरू होतो, म्हणून होड्यांचा मेळावा ठरवताना आधी तळं ठरतं. सलीम अली सरोवर पक्ष्यांचं, तिथे मोटारींची घरघर नको. हर्सूल तलावाचं पाणी लोक पितात. उरतं कुणाच्या तरी ओळखीतलं शेततळं. ते भरलेलं असतं उन्हाळ्यात मोसंबी जगवायला, तेव्हा शेतकरी म्हणेल ती तारीख. डिसेंबर-जानेवारीतली रविवारची सकाळ उत्तम: तळं भरलेलं, वारा पडलेला. मार्चनंतर विचारायलाही जाऊ नये.

पूर्वी २७ मेगाहर्ट्झच्या रिमोटवर एकाच चॅनेलच्या दोन होड्या एकदम सोडता येत नसत, पाळी लावावी लागे. आता २.४ गिगाहर्ट्झमुळे ती कटकट संपली आणि गर्दी वाढली. त्यामुळे नियम कडक हवेत. शेततळ्यात अंथरलेला प्लास्टिक कागद ओला झाला की पाय ठरत नाही, पडलेल्याला वर चढता येत नाही. काठावर गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब ठेवायची, मुलांनी कुंपणाच्या बाहेर थांबायचं. होडी मध्येच बंद पडली तर पाण्यात कुणी उतरायचं नाही. गळाच्या दोरीला टेनिस बॉल बांधून तो होडीच्या पलीकडे फेकायचा आणि दोरीने तिला हळूहळू ओढून आणायचं. वेळ लागतो, लागू द्यावा.

आणि कागदाला टोकदार पंख्याने भोक पडलं, तर त्याचा खर्च आम्ही सगळ्यांनी मिळून द्यायचा. हे मालकाला तारीख मागतानाच सांगून टाकावं. पुढच्या वर्षी तो स्वतःहून फोन करतो.