पोराचे ऋण, बापाचा पगार

संध्याकाळी सातच्या सुमारास शीळफाट्यावर अर्धा तास उभे राहिले, तर या परिसराची शहरे कशी वाढली हे वेगळे सांगावे लागत नाही. एका अंगाने कल्याण-डोंबिवलीकडचा रस्ता येतो, दुसऱ्या अंगाने मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता, आणि महापेमार्गे नवी मुंबईची वाट फुटते ती तिसरी. ट्रेलर, डंपर, कंपन्यांच्या बसगाड्या आणि रिक्षा यांच्या फटींतून दुचाकी वाट काढीत असतात. त्यांतल्या काहींवर नुकते मिसरूड फुटू लागलेले चेहरे दिसतात. बांद्रा-कुर्ला संकुलापासून याच शीळफाट्यापर्यंत बुलेट ट्रेनसाठी २१ किलोमीटरांचा बोगदा आखला गेला; आणि त्याच ठिकाणी जमिनीवर अकरावीतला मुलगा मागे दोन मित्र घेऊन क्लासला निघालेला असतो.

तो मुलगा बेदरकार आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याच्या हाती गाडी आली कशी, हेही पाहायला हवे. वडील सकाळच्या लोकलने मुंबईला जातात, गाडी दिवसभर घरी असते, क्लास चार-पाच किलोमीटरांवर आणि बसचा भरवसा नाही. ‘जपून जा’ एवढे सांगून आई किल्ली देते. आपल्यापैकी अनेकांच्या घरात हे घडलेले आहे. म्हणून मुलांच्या बेदरकारपणावर प्रवचन करण्यात आम्हांस रस नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे : त्या गाडीखाली कोणी सापडला आणि गाडीला विमा नसला, तर भरपाई कोणी द्यायची, आणि ती खरोखर मिळते का?

कायद्याचे उत्तर वरवर स्पष्ट आहे. केवळ जन्मदाता म्हणून बाप मुलाच्या अपकृत्याची भरपाई देणे लागत नाही. हे तत्त्व आपण इंग्रजी कायद्यातून घेतले. मात्र गाडी ज्याच्या नावावर, त्याच्यावर भरपाईचा भार येतो, आणि घरातली गाडी बहुधा बापाच्या नाहीतर आईच्या नावावर असते. त्यात २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आले. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा मालक दोषी मानला जाईल. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. संमती होती असेच न्यायालय गृहीत धरील. ती नव्हती हे पालकाने सिद्ध करायचे.

जुन्या धर्मशास्त्राची दिशा नेमकी याच्या उलट होती. बापाचे कर्ज फेडणे हे पुत्राचे कर्तव्य मानले गेले, आणि ते तत्त्व हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपर्यंत न्यायालयांत टिकून होते. याज्ञवल्क्य स्मृतीने मात्र पुत्राचे ऋण बापावर टाकले नाही. अपवाद फक्त कुटुंबासाठी काढलेल्या कर्जाचा. शिवाय मद्य, द्यूत आणि दंडाची थकबाकी यांतून उद्भवलेले बापाचे ऋणही पुत्रावर येत नसे. स्मृतिकारांना ठाऊक होते की ऋण एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर देताना कारण द्यावे लागते. आजचे कारण आम्हांस मान्य आहे : किल्ली ज्याच्या हातात, जबाबदारी त्याची. पुढचे प्रश्न उरतातच. ती किती, आणि कोणाच्या उपयोगाची?

येथे थोडा हिशेब करावा लागेल. समजा, शीळच्या रस्त्यावर एका कंपनीतला २८ वर्षांचा कामगार मृत्युमुखी पडला. पगार महिना २०,००० रुपये, मागे पत्नी आणि दोन मुले. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालांत घालून दिलेल्या रीतीने वार्षिक २,४०,००० रुपयांत भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळवायचे, मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा करायचा आणि १७ ने गुणायचे. उत्तर येते ३८,०८,००० रुपये; अंत्यविधी वगैरे इतर बाबींची रक्कम वेगळी. एका माणसाच्या उरलेल्या आयुष्याची ही किंमत नव्हे, त्याच्या कुटुंबाच्या भाकरीची आहे.

आता वसुली. गाडीचा मालक डोंबिवलीचा नोकरदार, पगार ४०,००० रुपये. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीतून मुक्त असतात. म्हणजे दरमहा १३,००० रुपयांवर टाच येऊ शकते. पण एकाच हुकूमनाम्यासाठी ही जप्ती एकूण २४ महिनेच चालते, त्यानंतर त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मोकळा होतो. तेरा हजार गुणिले चोवीस, म्हणजे ३,१२,००० रुपये. अडतीस लाखांतले तीन लाख.

पगार सोडून दुसरे मार्ग आहेत. न्यायाधिकरणाच्या दाखल्यावरून जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे रक्कम वसूल करू शकतात, इतर मालमत्ताही जप्त होऊ शकते. पण नोकरदाराचा फ्लॅट बहुधा बँकेकडे गहाण असतो आणि भविष्यनिर्वाह निधीला संहितेनेच हात लावू दिलेला नाही. गाडी आईच्या नावावर असली, तर तिला पगारच नसण्याचा संभव. आणि धार्मिक रूढीने स्त्रीने अंगावरून काढू नयेत अशा दागिन्यांनाही कायद्याने अभय दिले आहे. ही सारी अभये माणुसकीची आहेत, ती काढून घ्यावीत असे आम्ही म्हणणार नाही. एका अनाथ घरासाठी दुसरे घर उघड्यावर आणणे हा न्याय नव्हे. परंतु त्यांचा एकत्रित परिणाम असा की बाप दोन वर्षे पिळून निघतो आणि मृताची पत्नी तरीही रिकाम्या हाताने परतते. त्याला कलम १९९अ खाली कैद झाली आणि नोकरी गेली, तर तेरा हजारही बंद. दंडाचे पंचवीस हजार सरकारी तिजोरीत जातात, तिच्या घरात नव्हे.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. ३०० शब्दांच्या निबंधाच्या अटीवर मिळालेला जामीन, रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप, यांनी महाराष्ट्र संतापला, आणि तो संताप रास्त होता. पण तिथे प्रश्न संपन्न कुटुंबाने शिक्षेतून निसटण्याचा होता. त्या प्रकरणाच्या आठवणीने आपण प्रत्येक पालकाकडे बघू लागलो, तर शीळफाट्याचा प्रश्न नजरेआड होतो. इथे पैसा दडवलेला नसतो, तो मुळातच नसतो. शिवाय पगारावरची टाच ज्याला पगाराची चिठ्ठी मिळते त्यालाच लागते. रोखीचे व्यवहार करणाऱ्याला शोधत न्यायालयाचा बेलिफ फिरत राहतो.

म्हणून सारा भेद विम्यापाशी येऊन थांबतो. विमा असेल आणि गाडी परवाना नसलेल्याने चालवली असेल, तरी आधी विमा कंपनीने भरपाई द्यावी व नंतर मालकाकडून वसूल करावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्णसिंग निकालात मांडले. पीडिताचे पोट त्याने सुटते. विमा नसेल, तर मधला दुवाच गळतो. आणि त्या विम्याची किंमत काय? २०२२ च्या दरपत्रकात दीडशे सीसीपर्यंतच्या नेहमीच्या दुचाकीला थर्ड पार्टी विम्याचे वर्षाला ७१४ रुपये अधिक कर. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा असा विमा घ्यावाच लागतो. मुलगा पाचवी-सहावीत असताना घेतलेल्या गाडीचा विमा तो अकरावीत जातो तेव्हा संपलेला असतो. ज्या वर्षी किल्ली मुलाच्या हातात जाते, नेमके त्याच सुमारास ते संरक्षण निघून जाते, आणि घरात कोणाच्या लक्षातही येत नाही.

कायद्यातली आणखी एक विसंगती सांगायला हवी. धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही, तर मृताच्या वारसांना २०२२ पासून दोन लाख रुपये ठरलेले आहेत. पण वाहन सापडले, विमा नाही, मालक कफल्लक, तर भरपाईची तशी हमी नाही. २०२५ च्या योजनेने जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे रोखरहित उपचार देऊ केले, ही चांगलीच गोष्ट. पण मेलेल्याच्या घराला त्याचा उपयोग नाही. इंग्लंडमध्ये १९४६ पासून विमा कंपन्यांच्या वर्गणीतून चालणारी संस्था विमा नसलेल्या वाहनांच्या पीडितांना भरपाई देते आणि मग दोषी माणसामागे लागते. तीच रीत इथे का नसावी? पीडिताला आधी पैसे, वसुलीची चिंता निधीला.

अशाने पालक निर्धास्त होतील, असा आक्षेप येईल. वसुली माफ केली तरच तो खरा ठरतो. आमचे म्हणणे वसुली लांबवावी असे आहे : दोन वर्षे तेरा हजारांचा चिमटा काढून सोडून देण्यापेक्षा बापाला पेलेल असा लहान हप्ता पुष्कळ वर्षे चालू राहावा. हुकूमनाम्याची अंमलबजावणी बारा वर्षांपर्यंत मागता येते. तेवढ्या काळात अकरावीतला मुलगा कमावता होतो. त्या हप्त्यात त्याचा वाटा पडू लागावा. जे ऋण त्याचे होते ते काही अंशी त्याच्याकडे परत जाईल, आणि तीन वर्षांच्या कैदेहून ती अधिक लांबची शिकवण ठरेल.

तोवर प्रत्येक घरात एक काम आजच करता येईल. आरसी बुकाबरोबर ठेवलेला विम्याचा कागद काढून त्यावरची तारीख वाचावी. ती उलटून गेली असेल, तर नवा विमा येईपर्यंत ती गाडी मुलाने तर नाहीच, बापानेही बाहेर काढू नये.