भुकेचे नियमन आणि दारिद्र्याची रेषा

गौळाऊ बैलापुढे रात्री कडब्याच्या कितीही पेंढ्या टाकल्या तरी एका मर्यादेनंतर तो मान फिरवितो. हे त्याचे समाधान नव्हे. कडब्यात नत्र थोडे. त्यामुळे पोटातील जंतूंचे काम मंद चालते, चोथा लवकर पुढे सरकत नाही आणि पोटात जागाच उरत नाही. त्याच बैलाला थोडी सरकीची ढेप मिळाली की पचनास वेग येतो व तो कडबाही अधिक खातो. उलट ज्वारीचे पोते उघडे सापडले, तर पोटात आम्ल साचून जिवावर बेतेपर्यंत तो खात राहतो. आर्वी-आष्टीकडील शेतकऱ्यास हे सांगावयास शास्त्रज्ञ नको. जनावराला आपली गरज नेमकी कळते ही समजूत अर्धीच खरी आहे.

माणसाची यंत्रणा याहून गुंतागुंतीची. मेंदूच्या तळाशी भुकेचे केंद्र असल्याचे बी. के. आनंद या भारतीय शास्त्रज्ञाने ब्रोबेक यांच्यासमवेत १९५१ साली उंदरांवरील प्रयोगांनी दाखविले. पुढे १९९४ साली लेप्टिनचा शोध लागला. हे द्रव्य शरीरातील चरबीच निर्माण करते आणि आपल्या साठ्याची वार्ता मेंदूस कळविते. साठा घटला की भूक वाढते आणि शरीराचा खर्च कमी होतो. म्हणजे तूट भरून काढण्याचे मार्ग दोन : मिळकत वाढविणे किंवा खर्च आवरणे. ज्याच्या घरी डबाच रिकामा, त्याच्यापुढे दुसराच मार्ग उरतो.

अर्थशास्त्राचा संबंध येथे येतो. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्यावरील आपला प्रबंध प्रसिद्ध केला. दरडोई दररोज २२५० उष्मांक हे माप धरून १९६०-६१ साली ग्रामीण भागातील सुमारे ४० व शहरांतील सुमारे ५० टक्के लोक त्याखाली असल्याचे त्यांनी मांडले. यावर आक्षेप आला तोही पुण्यातूनच. रोम येथील अन्न व कृषी संघटनेत दोन दशके काम करून परतलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे म्हणाले की, एकाच माणसाची गरज स्थिर नसते. शरीर आपला जमाखर्च आपणच जुळविते. म्हणून सरासरीखाली खाणारा प्रत्येक जण उपाशी ठरत नाही. सरासरीच्या सुमारे ७० टक्क्यांखाली जाईल तोच कुपोषित मानावा. १९८० च्या सुमारास हा वाद ऐन भरात होता. वाद दिसावयास संख्याशास्त्राचा, पण त्यावर कोट्यवधी लोकांचे गरीब असणे वा नसणे अवलंबून होते.

सुखात्मे यांच्या म्हणण्यातील एक भाग आजही पटण्याजोगा आहे. दूषित पाणी व जंत यांमुळे खाल्लेले अंगी लागत नाही, तेव्हा केवळ धान्य वाढवून भागणार नाही, हा त्यांचा आग्रह काळाच्या पुढचा होता. परंतु शरीर जुळवून घेते म्हणजे फुकट जुळवून घेते, असे नव्हे. अमेरिकेत मिनेसोटा येथे १९४४-४५ साली ३६ स्वयंसेवकांना सहा महिने अपुऱ्या आहारावर ठेवण्यात आले. त्यांचे वजन सुमारे पाव घटले. विश्रांतीतील ऊर्जाव्ययही मोठ्या प्रमाणात उतरला. शरीराने ताळेबंद जुळविला खरा. पण ही माणसे निरुत्साही झाली, कामात व माणसांत त्यांचे मन लागेना. ताळेबंद जुळला म्हणजे पेढी सुस्थितीत आहे, असा निष्कर्ष वाणिज्य शाखेचा प्रथम वर्षाचा विद्यार्थीही काढणार नाही.

पुढे तेंडुलकर समितीने २००९ साली उष्मांकांचा निकष सोडून दिला, तर रंगराजन समितीने २०१४ साली तो वेगळ्या रूपाने परत आणला. दरम्यान प्रश्नाला दुसरी बाजूही फुटली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १८.७ टक्के स्त्रिया किडकिडीत, तर २४ टक्के स्थूल वा अतिवजनाच्या आढळल्या. उघडे पोते सापडलेला बैल तो हाच. (भूक मंदावणारी महागडी इंजेक्शनेही आता आपल्या बाजारात आली आहेत.)

राहिला प्रश्न रेशनचा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील माणशी महिना ५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ही मोठीच गोष्ट. पण हिशेब केला तर ते दिवसाला सुमारे १६६ ग्रॅम, म्हणजे पावणेसहाशे उष्मांकांच्या आसपास भरते. मध्यम श्रमाच्या स्त्रीची गरज भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या कोष्टकात २१३० आहे. उरलेले दीड हजार उष्मांक तिने मजुरीतून मिळवावयाचे. आमच्या भागात कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. अपुऱ्या आहारावरील शरीर हालचाल मंद करून खर्च वाचविते, आणि हात मंदावला की संध्याकाळी काट्यावर कापूस कमी भरतो.