‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार

एडवणच्या किनाऱ्यावर वारा ओळखण्यासाठी कोणाला शाळेत जावे लागत नाही. पश्चिमेकडचे आभाळ काळवंडले, वाऱ्याने एकाएकी दिशा बदलली, की तांडेल होडी माघारी वळवतो. त्या वेळी होडीचा मालक त्याला ‘आणखी एकदा जाळे टाक’ म्हणून फर्मावीत नाही. समुद्रावर शब्द चालतो तो तांडेलाचा. हे शहाणपण किनाऱ्यापासून थोडे आत, पालघर-बोईसरच्या बांधकामांवर मात्र पोहोचलेले नाही, असे आम्हांला खेदाने म्हणावे लागते.

आज या जिल्ह्यात इमारतींवर इमारती उठत आहेत. बोईसरला बुलेट ट्रेनचे स्थानक उभे राहावयाचे आहे. वाढवण बंदराची कोनशिला 30 ऑगस्ट 2024 रोजी बसली. बांधकामे वाढतील तशा क्रेनही वाढणार. ते व्हावयाचेच. आमचा प्रश्न एवढाच आहे, की त्या क्रेनखाली राबणाऱ्या माणसाच्या जिवाची जबाबदारी कोणाची?

हा प्रश्न काल्पनिक नव्हे. 31 जुलै 2023 च्या मध्यरात्री शेजारच्या शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळया बसविणारे अजस्र यंत्र कोसळले आणि 20 माणसे प्राणांस मुकली. मृतांच्या वारसांना राज्य सरकारने 5 लाख रुपये जाहीर केले. ते यंत्र टॉवर क्रेन नव्हते हे खरे. पण मजुरांच्या डोक्यावर शेकडो टन लोखंड तोलून धरणाऱ्या यंत्रात चूक झाली, तर ती सुधारावयास दुसरी संधी मिळत नाही, हा धडा दोन्हींना सारखाच लागू आहे. मक्केत 11 सप्टेंबर 2015 रोजी वादळात क्रेन कोसळून शंभरावर यात्रेकरू मेले. काम बंद असता तिचा लांबलचक दांडा खाली घेतलेला नव्हता. घाटकोपरला 13 मे 2024 रोजी पावसाळ्यापूर्वीच्या वावटळीने जाहिरातीचा फलक पाडून 17 बळी घेतले. वारा पंचांग पाहून येत नाही!

वाऱ्याचे गणितही निर्दय आहे. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. सपाट साच्याचा पत्रा क्रेनला टांगलेला असेल, तर त्यात शिडाप्रमाणे वारा भरतो. टॉवर क्रेनच्या आडव्या बाहूवर भार मनोऱ्यापासून जितका दूर, तितका कलंडविणारा जोर अधिक. म्हणून टोकाला उचलावयाचे वजन फारच थोडे असते. काम थांबल्यावर बाहू वाऱ्याबरोबर मोकळा फिरू द्यावयाचा असतो; तो जखडून ठेवणे म्हणजे संकटाला आमंत्रण देणे होय. बहुतेक उत्पादक ताशी 72 किलोमीटर वाऱ्याची कमाल मर्यादा घालून देतात आणि मोठ्या पृष्ठभागाचा भार असल्यास त्याच्या कितीतरी आधी थांबावे लागते.

हे सारे नियमपुस्तकात आहे. बांधकाम कामगारांसाठी 1996 साली स्वतंत्र कायदा झाला, 2020 साली संसदेने नवी श्रमसंहिता संमत केली. कागद पुष्कळ झाले! परंतु वायुवेगमापक धोक्याचा आकडा दाखवीत असताना खालून मुकादम ‘आजचा स्लॅब आजच पडला पाहिजे’ म्हणून ओरडत असेल, तर कंत्राटावरचा, परमुलखातून पोटासाठी आलेला चालक काय करील? आज त्याने काम थांबविले, तर उद्या त्याची रोजी राहील काय?

आमची मागणी स्पष्ट आहे. वारा वाढला अथवा दोष दिसला, तर क्रेन थांबविण्याचा अंतिम अधिकार चालकाला आणि भार बांधणाऱ्या खलाशाला लेखी मिळाला पाहिजे. त्या दिवसाची मजुरी एका पैशानेही कापली जाता कामा नये. तपासणीचा दाखला कचेरीच्या कपाटात न ठेवता फाटकावर सर्वांना वाचता येईल असा लावावा. टांगलेल्या भाराखाली माणूस आढळल्यास काम तेथेच बंद करावे. हे ज्या कंत्राटदाराला परवडत नसेल, त्याला काम देणे सरकारला परवडता कामा नये.

रिकाम्या हाताने परतलेली होडी उद्या पुन्हा समुद्रात जाते. एडवणचा तांडेल जे जाणतो, ते जाणण्यासाठी पालघरने आपल्या 20 माणसांच्या चितांची वाट पाहावी काय?