विटी कोलायला सेन्सर लागतो का?

मित्रांनो, होस्टेलवर कुणी गेम खेळताना दिसला की "टाइमपास चाललाय" म्हणून आपण मोकळे होतो. आणि फायनल इयरला एखाद्याने "सर, प्रोजेक्ट म्हणून गेम करू का?" असं विचारलंच, तर प्रश्न ठरलेला : "त्याचं ॲप्लिकेशन काय?" मग तो बिचारा पुन्हा एकदा वॉटर लेव्हल इंडिकेटरकडे वळतो!

माझं म्हणणं असं की, हाताच्या हालचालीवर चालणारा गेम हा इंजिनीअरिंगचा अस्सल प्रोजेक्ट आहे. आणि त्यातला अवघड भाग सर्किटचा नाही, डिझाइनचा आहे.

निन्टेंडोचा 'वी' हा कन्सोल २००६ साली आला. त्याचा रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखाच दिसायचा, पण आत तीन दिशांचं त्वरण मोजणारा ॲक्सेलरोमीटर आणि पुढच्या टोकाला इन्फ्रारेड कॅमेरा. गंमत म्हणजे टीव्हीजवळ ठेवायच्या 'सेन्सर बार'मध्ये सेन्सर नव्हताच, नुसते इन्फ्रारेड दिवे होते. पाहायचं काम हातातला रिमोट करायचा.

आता जरा गणित. त्वरणावरून अंतर काढायचं तर दोनदा इंटिग्रेशन. सेन्सरमध्ये फक्त ०.०१ जी इतकी चूक धरा. रिमोट टेबलावर स्वस्थ पडलेला असला तरी दहा सेकंदांत हिशोब म्हणतो, तो जवळजवळ पाच मीटर सरकला! म्हणजे टेबलावरून उठून थेट मेसच्या रांगेत.

मग 'वी स्पोर्ट्स'च्या डिझायनर मंडळींनी काय केलं? जे सेन्सरला नीट कळत नाही, ते खेळाडूला विचारलंच नाही. टेनिसमध्ये पडद्यावरचा गडी आपला आपण पळतो. तुम्ही फक्त रॅकेट फिरवायची. लवकर फिरवली तर चेंडू एका बाजूला, उशिरा फिरवली तर दुसऱ्या बाजूला. बोलिंगमध्ये बटण सोडलं की चेंडू हातातून सुटतो. त्यामुळे ज्यांनी जन्मात गेम खेळला नव्हता, असे आजी-आजोबाही खेळू लागले. 'वी' दहा कोटींहून जास्त विकला गेला. काय मोजायचं, काय सोडून द्यायचं आणि कुठली चूक पोटात घालायची, हे ठरवण्यातच खरी कला आहे.

२०१० साली आणखी दोन वाटा निघाल्या. सोनीच्या 'मूव्ह' कंट्रोलरच्या टोकाला रंगीत प्रकाशाचा गोळा होता. गोळ्याचं खरं माप ठाऊक असल्यामुळे कॅमेऱ्यात तो केवढा दिसतो, यावरून त्याचं अंतर निघायचं. किती साधी आणि देखणी युक्ती! मायक्रोसॉफ्टच्या 'किनेक्ट'ने तर हातातली वस्तूच काढून टाकली आणि अख्खं शरीर कॅमेऱ्यासमोर उभं केलं. 'डान्स सेंट्रल'सारख्या नाचाच्या गेमला ते झकास जमलं. पण बॅट नाही, दांडू नाही, मुठीत काहीच नाही, तर टोला लागल्याचं हाताला कळणार कसं? २०१७ मध्ये किनेक्टचं उत्पादन थांबलं.

हे सगळं परदेशातच होतं असं समजू नका. मुंबईच्या ट्राइन गेम्सने २०१२ च्या सुमारास प्लेस्टेशन ३ साठी 'मूव्ह स्ट्रीट क्रिकेट' केला. मूव्ह कंट्रोलर हीच बॅट आणि मैदान म्हणजे आपली गल्ली. मुंबईत गल्ली क्रिकेट होतं, तर पिंगळीत विटी-दांडू का नाही? 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे नुसतं म्हणायपुरतंच ठेवायचं का?

विचार करून बघा. गलीवरची विटी कोलताना मनगट खालून वर जातं. टोल्यात आधी टोकावर हलका ठोका, विटी उडते, मग हवेतच जोराचा फटका. दोन हालचाली, मध्ये क्षणभराची उसंत. ही उसंत किती ठेवायची? सहा वर्षांच्या पोराला किती, आणि आबांना किती? हे पुस्तकात सापडत नाही. त्यासाठी पिंगळीच्या पटांगणात जाऊन पोरांचे हात बघत बसावं लागेल. सेन्सरचं म्हणाल तर एमपीयू-६०५० चं मॉड्यूल काही शे रुपयांत मिळतं, आणि तेही नको असेल तर खिशातल्या मोबाइलमध्ये ॲक्सेलरोमीटर आहेच.

कुणी म्हणेल, पटांगण असताना पडद्यावर कशाला? बरोबर आहे, पडदा पटांगणाची जागा घेऊ शकत नाही. घेऊही नये. पण अर्धांगवायूनंतर हात पुन्हा चालता करण्यासाठी फिजिओथेरपीमध्ये 'वी'चे गेम वापरले गेले आहेत. कंटाळवाणा व्यायाम खेळ झाला की माणूस तो पुन्हा पुन्हा करतो. गावाकडच्या आजोबांना टेनिसपेक्षा विटी-दांडू जवळचा वाटणार नाही का? ॲप्लिकेशन विचारणाऱ्या सरांना हे एक उत्तर पुरे व्हावं.

म्हणून आमच्या स्टाफला नम्र विनंती : यंदा एका तरी ग्रुपला असा प्रोजेक्ट करू द्या. ओरलला सर्किटसोबत हेही विचारा, की किती जणांच्या हातात देऊन पाहिलं आणि त्यानंतर काय बदललं? आणि मित्रांनो, बाजारातून तयार प्रोजेक्ट आणून बाइंडिंग करण्यापेक्षा एक दांडू हातात घ्या. सबमिशनला अजून वेळ आहे!