पोलादी मूठ कुणाची?

परवा दुसऱ्या महायुद्धावरचे एक भाषांतर चाळताना जर्मनांच्या ‘पान्त्सरफाउस्ट’ या अस्त्राला ‘पोलादी मूठ’ म्हटलेले आढळले आणि आमचा चहा तसाच निवाला. भाषांतरकार महाशयांनी कोश उघडला असणार. ‘पान्त्सर’ म्हणजे चिलखत, ‘फाउस्ट’ म्हणजे मूठ, झाला समास!

अहो, पण विग्रह करायचा कुणी? पोळपाट म्हणजे पोळीचा केलेला पाट नव्हे, पोळीसाठी पाट, हे घरातले शाळकरी पोरसुद्धा सांगेल. तसेच येथे. या ‘पान्त्सर’चा अर्थ रणगाडा, तोही शत्रूचा, आणि त्याच्यावर उगारलेली ती ‘फाउस्ट’. पोलाद समोरच्याच्या अंगावर, मूठ बिचारी उघडी! कैसर दुसऱ्या विल्हेल्मने १८९७ साली कील बंदरात भावाला चीनकडे धाडताना जी चिलखती मूठ दाखवली, ती वेगळी. तिने खरोखरच चिलखत ल्यालेले होते.

शिवाय ‘पान्त्सर’ मुळात जर्मन नव्हेच. जुन्या फ्रेंचमधल्या ‘पान्स’ म्हणजे पोट या शब्दापासून तो निघाला. त्याचेही मूळ लॅटिनमध्ये. आधी पोट झाकणारे कवच, मग अंगभर चिलखत, शेवटी विसाव्या शतकात रणगाडा. एवढा प्रवास एका पोटापासून!

“शब्दाचा एवढा कीस कशाला?” असे वाचक विचारतील. सांगतो. १९४३ पासून वापरात आलेले हे अस्त्र म्हणजे एक नळी आणि तिच्या टोकाला स्फोटक गोळा; एकदा उडवली की नळी टाकून द्यायची. नमुन्यांची नावे पल्ल्यावरून पडली : ३०, ६०, १०० मीटर. तीस मीटर म्हणजे वाड्याच्या दिंडीपासून परसातल्या आडापर्यंत! रणगाडा तेवढा जवळ येईस्तोवर दबा धरून बसायचे. आणि बसायचे कुणी? १९४४ च्या ऑक्टोबरात उभारलेल्या ‘फोल्क्सष्टुर्म’ दलात सोळा ते साठ वयाचे पुरुष ओढले गेले. पुष्कळांना धड गणवेशही मिळाला नाही. दंडाला पट्टी बांधली की झाला सैनिक. १९४५ साली बर्लिनच्या रस्त्यांत या नळ्या अशा म्हाताऱ्यांच्या आणि मिसरूडही न फुटलेल्या पोरांच्या हाती होत्या. त्या हातांना ‘पोलादी’ म्हणणे म्हणजे गोबेल्सच्या प्रचारखात्याची फुकट चाकरी करणे होय.

आमची सूचना ‘रणगाडाफोड मूठ’ अशी आहे. कानाला गोड नाही, कबूल. मूठ नकोच असेल तर ‘रणगाडाभेदी नळी’ म्हणा; पण पुढच्या आवृत्तीत ते ‘पोलादी’ तेवढे खोडा.