नांदूर-मध्यमेश्वरची पाणथळ व आपलें श्रमदान

पाखरांच्या अभयारण्यांत जाऊन पाऊलवाटा बांधाव्या व जलपर्णी उपसावी हें हौशी शहरवासी मंडळींचें काम. शेतकऱ्यास त्याच्याशीं काय कर्तव्य, असें आमच्या कित्येक वाचकांस वाटतें. आमचें मत याच्या उलट आहे.

नाशिक जिल्ह्यांतील निफाड तालुक्यांत, गोदावरी व कादवा यांच्या संगमाशीं, नांदूर-मध्यमेश्वरचा बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभीं झाला तो पाटपाण्यासाठीं. पाखरांचा विचार त्यांत नव्हता. कोपरगांवकडील ऊंसमळे त्याच्याच कालव्यांवर पोसले. पुढें बंधाऱ्यामागें गाळ सांचला, पाणी उथळ झालें, लव्हाळे व पाणकणीस माजलें, आणि हिवाळ्यांत उत्तरेकडील बदकें व करकोचे थव्यांनीं उतरूं लागले. १९८६ सालीं तेथें अभयारण्य झालें. २०१९ सालीं रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून त्याची नोंद झाली. हा मान महाराष्ट्रांत प्रथम याच जागेस मिळाला. शेतीच्या पाण्यानें घडविलेली ही पाणथळ शेतकऱ्यास परकी कशी?

श्रमदानास गेलों तर उद्यां आपल्याच बांधावर निर्बंध येतील, ही भीति आम्हांस ठाऊक आहे. परंतु अभयारण्याची हद्द सरकारी अधिसूचनेनें ठरते, आपल्या फावड्यानें नव्हे. दूर राहिल्यानें ती मागें सरत नाहीं; वाट कोठून जावी हें मात्र दुसरेच ठरवितात.

आणि हें ठरविणें लहान नव्हे. वाट नसली म्हणून पाहुणा थांबत नाहीं. तो हरभऱ्यांतून, द्राक्षाच्या मांडवाखालून पाण्याशीं जातो, व त्याच्या चाहुलीनें थवा उठतो. चरणारें पाखरूं वारंवार उठविलें तर परतीच्या लांब प्रवासासाठीं लागणारी चरबी त्याच्या अंगीं सांठत नाहीं. म्हणून वाट पाण्यापासून राखून, बाभळींच्या आडोशानें न्यावी. तिच्यासाठीं उंच भराव घालूं नये. भरावानें पसरणारें पाणी अडतें व पलीकडील उथळ भाग कोरडा पडतो. चर ओलांडावयाचा तेथें मोरी ठेवावी अथवा लांकडी साकव टाकावा. पुराचें पाणी कोठवर चढतें हें कागदावरील नकाशापेक्षां काठच्या शेतकऱ्यास अधिक ठाऊक असतें.

हिवाळ्यांत पाहुणीं पाखरें असतात व पावसाळ्यांत पाणकोंबड्या लव्हाळ्यांत घरटीं करतात. राहतां राहिला वैशाख. द्राक्षाची खरडछाटणी उरकल्यावर व पेरणीपूर्वीं थोडी उसंत मिळते, पाणीही उतरलेलें असतें. टिटवी मात्र याच दिवसांत उघड्या जमिनीवर अंडीं घालते. तिची ओरड ऐकून औत वळविणाऱ्यास फावडें कोठें थांबवावें हें शिकवावयास नको.

जलपर्णीविषयीं एक इशारा देतों. दक्षिण अमेरिकेंतून आलेली ही वनस्पति अनुकूल हवेंत सुमारें पंधरवड्यांत दुप्पट होते. ती उपसून काठावर ढीग घालणें म्हणजे पहिल्या पुराबरोबर पुन्हा पाण्यांत लोटणें होय. फुलण्यापूर्वीं काढून, पूररेषेच्या वर वाळवून, मग खड्ड्यांत कुजविली तर बरें खत होतें. बीं धरलेली खतांत घालूं नये. तें बीं वर्षानुवर्षें जिवंत राहतें.

तिचें पोषण वरच्या शहरांच्या सांडपाण्यावर आणि आपल्या शेतांतून वाहून जाणाऱ्या नत्र-स्फुरदावर होतें. खताचा हिशेब आपण घरीं करावा. सांडपाण्याचा हिशेब नगरसंस्थांनीं व सरकारनें द्यावयाचा आहे; आमचें श्रमदान पुढें करून तो कोणी चुकवूं पाहील तर तें आम्हांस मान्य नाहीं.

वनखात्याच्या परवानगीवांचून अभयारण्यांत काम करतां येत नाहीं. तेव्हां काठच्या गांवांनीं दिवाळीनंतरच एकत्र बसून वाटेची आंखणी व वैशाखांतील दिवस ठरवावे, आणि त्याच अर्जास सांडपाण्याची तक्रारही जोडावी.